अकरा एकर पोटखराब, कार्बनवाला एजंट आणि ऐनाचे खुंट

कोयनाकाठ
६ डिसेंबर, रात्री ९.४०

मंडळी, सल्ला हवाय. जरा लांबण लागेल.

पाटण तालुक्यात गावाच्या वरच्या अंगाला आमचं अकरा एकर मालकी रान आहे. सातबाऱ्यावर पोटखराब, म्हणजे लागवडीला अयोग्य. आजोबांच्या काळात तिथं राब भाजून नाचणी-वरी करायचे, वडिलांनी ते सोडलं. मी सहावीत असताना चुलत्यांनी सगळं रान कोळशाच्या भट्टीवाल्याला तोडीला दिलं. पैसे भावकीत वाटता वाटता संपले, आमच्या घराच्या वाट्याला एक सायकल आली. त्यानंतर तिकडं कुणी ढुंकून बघितलं नाही. आता कुठं डोक्याएवढं, कुठं दोन पुरुष उंच झुडूप माजलंय. मधेमधे कारवी. एक-दोन उन्हाळ्यांआड वणवा ठरलेला.

परवा एक जण आला. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. टॅबवर आमचं रान वरून दाखवलं आणि म्हणाला, "काका, ही जमीन रिकामी पडलीय." कंपनी झुडूप साफ करून देणार, निलगिरी आणि बांबू लावणार, तीस वर्षांचा करार, झाडं जेवढा कार्बन धरतील त्याचे पैसे दर काही वर्षांनी आम्हाला. धाकटा भाऊ सही करायला बसलाच होता. आई चुलीपुढनं म्हणाली, "रिकामी? मग मे महिन्यात करवंदं काय तुझा बाप पाठवतो?"

सही थांबलीय. माझे प्रश्न दोन. झाड कार्बन साठवतं म्हणजे नेमकं कुठं साठवतं? आणि आमचं हे झुडूप हिशोबात धरतात की नाही?


शंकासुर
६ डिसेंबर, रात्री १०.०५

पूर्वी सागाची लागवड करून कोट्यधीश करणारे यायचे, मग कोरफडवाले आले, मग ईमूवाले. आता हवा विकत घेणारे आलेत. आईंना नमस्कार सांगा.


बुंधामोज्या
७ डिसेंबर, सकाळी ७.१५

जंगलांची मोजणी करून पोट भरतो, म्हणून लिहितो.

झाड पानांतून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं, उन्हाच्या जोरावर त्याची साखर करतं. काही साखर स्वतःच श्वासात जाळतं, उरलेल्याचं लाकूड, साल, मूळ, पान होतं. लाकडाचं वजन बहुतेक सगळं हवेतनं आलेलं आहे हे मला पहिल्यांदा कळलं, तेव्हा मी दिवसभर ऑफिसातल्या खुर्चीकडं बघत होतो. वाळलेल्या लाकडात वजनाने साधारण निम्मा कार्बन. तो सुटून परत हवेत गेला की ऑक्सिजन चिकटून १ टनाचा ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड होतो.

आता कुठं साठवतं. आम्ही पाच खाती मांडतो: जमिनीवरचं झाड, मुळं, मेलेलं-पडलेलं लाकूड, पाचोळा आणि माती. लोकांना पहिलंच दिसतं. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात देशातल्या जंगलांचा साठा ७२० कोटी टन कार्बन दिलाय आणि त्यातला निम्म्याहून जास्त मातीत आहे. वरून काढलेल्या फोटोत तो कसा दिसणार?

तुमच्या रानाबद्दल एक विचारतो. झुडूप म्हणताय ते बियांवरून उगवलंय की जुन्या खुंटांना फुटलंय? कोयता घेऊन आत जा, एखाद्या बुडाशी वाकून बघा. आणि बांधावर एखादं जुनं झाड असेल तर छातीएवढ्या उंचीवर, म्हणजे १.३७ मीटरवर, सुतळीने घेर घेऊन सांगा. गंमत दाखवतो.


माणदेशी
७ डिसेंबर, दुपारी १.३०

तुमचं तरी रान आहे. आमच्या माण तालुक्यात माळाला रिकामा म्हणत्यात. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि आमच्याकडं पाचशे पडला तर आम्ही पेढे वाटतो. जिल्हा एकच.

आमच्या माळावर पवन्या, मारवेल, कुसळी उगवते. मेंढरं त्यावर जगतात, लांडगा मेंढरांवर जगतो, चिंकारा उरलंसुरलं खातो. ५० कोटी झाडांच्या मोहिमेत (२०१७ ते २०१९, शेवटच्या वर्षी ३३ कोटी) माळावर खड्डे पाडले. खड्ड्याला खड्डा लागून गवत उपटलं गेलं. टँकर होता तोवर रोपं हिरवी, टँकर गेला की काटक्या. मग त्याच खड्ड्यात पुढच्या पावसाळ्यात नवीन रोप. आमचं म्हातारं म्हणायचं, झाडापरीस खड्डाच जास्त वर्सं जगला.

गवताचा कार्बन मुळात असतो, बरोबर ना बुंधामोज्या? वणवा गेला तरी वरचंच जळतं, पाऊस पडला की पुन्हा हिरवं.


बुंधामोज्या
७ डिसेंबर, रात्री ८.५०

शंभर टक्के. गवताळ माळाचा बहुतेक कार्बन जमिनीखाली असतो आणि कोरड्या भागात तो झाडापेक्षा भरवशाचा असतो, कारण दुष्काळात झाड मरतं किंवा जळतं, गवताची मुळं तग धरतात. कमी पावसाच्या माळावर नांगर-खड्डे करून झाडं लावली तर मातीतला साठा उघडा पडून घटू शकतो. कासच्या सड्यावर जाऊन झाडं लावूया म्हणणारेही मला भेटलेत. कातळावर बोटभर माती, त्यावर ती फुलं, आणि ह्यांना तिथं सावली पाहिजे.

पण पाटणचा डोंगर आणि माणचा माळ यांना एकच औषध नाही. पाटणला झाडोरा हाच तिथला मूळ धर्म आहे.


कोयनाकाठ
१० डिसेंबर, रात्री १०.२०

आंब्याचा घेर घेतला. बरोबर २ मीटर भरला. उंची अंदाजे १५ मीटर (भाच्याने सावली मोजून त्रैराशिक मांडलं, म्हणून विश्वास ठेवा). पणजोबांनी कोय लावली असं म्हणतात.

खुंटांचं उद्या सांगतो. आज आत शिरलो आणि खाजकुयली लागली, दोन तास नदीत बसून होतो.


बुंधामोज्या
११ डिसेंबर, सकाळी ६.५५

खाजकुयलीबद्दल सहानुभूती. आंब्याचा हिशोब कच्चा मांडतो, पक्क्याला सूत्र वेगळं असतं पण उत्तर जवळपास तेच येतं.

घेर २ मीटर म्हणजे बुंध्याचं छेदक्षेत्र साधारण ०.३२ चौरस मीटर. गुणिले उंची १५, म्हणजे सरळसोट खांब असता तर पावणेपाच घनमीटर. झाड वर निमुळतं होतं पण फांद्याही असतात, म्हणून त्याचे सहा दशांश धरू: पावणेतीन-तीन घनमीटर. आंब्याचं वाळलं लाकूड घनमीटरला साधारण साडेपाचशे किलो. म्हणजे वरचं झाड दीड-पावणेदोन टन. मुळांसाठी पावपट जोडा, २ टन. निम्मा कार्बन, १ टन. म्हणजे हवेतला ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड त्या आंब्याने ओढून धरलाय.

एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. भागाकार करा.


शंकासुर
११ डिसेंबर, सकाळी ९.१०

केला. साडेतेराशे लिटर. माझा ट्रॅक्टर दोन वर्षांत पितो तेवढं. पणजोबांच्या कोयीपासून आजपर्यंत आंब्याने जे साठवलं ते मी दोन हंगामांत धुरात काढतो? हा धागा वाचून उलट उदास झालो.


बुंधामोज्या
११ डिसेंबर, दुपारी २.००

उदास व्हा, हरकत नाही. झाडं लावली म्हणून डिझेल माफ होत नाही, हे कुणीतरी स्वतः भागाकार करून बघावं असंच मला वाटत होतं. दुसरी बाजूही बघा. तो आंबा उद्या तोडून जाळला तर साडेतीन टनांवर धूर आठवड्यात परत. आणि मोठ्या झाडाची वाढ थांबते हा गैरसमज. २०१४ साली चारशेवर जातींच्या झाडांच्या मोजणीतून दिसलं की बहुतेक जातींत झाड जितकं मोठं तितका ते दर वर्षी जास्त कार्बन धरतं. म्हातारं झाड तोडून दहा रोपं लावणं हा घाट्याचा सौदा आहे, निदान आपल्या हयातीत तरी.


सांगलीकर हळद
११ डिसेंबर, रात्री ९.३०

मला एक खटकतंय. लावलेलं जंगल म्हणजे वाईटच असा सूर लागलाय. आमच्या जिल्ह्यातलं सागरेश्वर बघा. उघडेबोडके डोंगर होते, वृक्षमित्र धों. म. मोहिते आणि आसपासच्या लोकांनी झाडं लावली, हरणं सोडली, १९८५ ला अभयारण्य झालं. जेमतेम ११ चौरस किलोमीटर. कृष्णाकाठच्या उसातून वर बघितलं की तेवढीच हिरवी पाठ दिसते. हातावर हात ठेवून बसले असते तर आजही तिथं दगड असते.


खाकीउतरली
१२ डिसेंबर, सकाळी ८.४०

हळदीकर दादा, बरोबर बोललात, पण फरक ध्यानात घ्या. सागरेश्वरला खालती काही उरलंच नव्हतं. कोयनाकाठकडं खालती काय आहे ते अजून कळायचंय. आणि लावलेल्या जंगलातसुद्धा काय लावलं त्याला महत्त्व. आम्ही नोकरीत असताना गिरीपुष्प लावलं, ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली, कारण गुरं तोंड लावत नाहीत आणि जगलेल्या रोपांची टक्केवारी चांगली दिसते. साहेब खूश. त्या बाभळीच्या पानांचा थर वर्ष वर्ष कुजत नाही, खाली काही उगवत नाही, उन्हाळ्यात तोच थर भडकतो. स्वतः लावलीत, म्हणून सांगतो.

चौतीस वर्षं वनखात्यात काढली, त्यातली बरीच वणव्यामागं. वणवा आपोआप लागलेला मी क्वचितच बघितला. कुणी गवत चांगलं यावं म्हणून लावतो, कुणी बांध जाळताना सुटतो, कुणी बिडी टाकतो. जाळल्यावर गवत चांगलं येतं हा समज काही जात नाही. पहिल्या वर्षी कोंब हिरवे दिसतात एवढंच. पाचोळा जळतो, बी जळतं, वीतभर उंचीची रोपं जळतात, आणि जूनच्या पहिल्या सरीला राख आणि वरची माती ओढ्यात. बुंधामोज्यांच्या पाच खात्यांतली तीन एका दुपारी साफ.

तुमच्या रानाला पहिलं औषध जाळपट्टा, म्हणजे आग अडवायला मोकळी केलेली पट्टी. डिसेंबर-जानेवारीत, गवत पुरतं वाळायच्या आधी, वरच्या आणि वाटेच्या अंगाला चार-पाच मीटर रुंद पट्टा कापायचा, गवत-पाचोळा ओढून आतल्या बाजूला न टाकता बाहेर न्यायचा. हल्ली खात्याकडं पाला उडवायचे ब्लोअर आहेत, विचारून बघा. पट्टा जाळून काढायचा असेल तर एकट्याने नाही, गार्डला सांगून, पहाटेच्या दवात.


कोयनाकाठ
१४ डिसेंबर, रात्री ११.१०

आज दिवसभर रानात होतो, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून.

वाकून बघितलं. खुंटच आहेत. एक ऐनाचा खुंट पाला बाजूला केल्यावर दिसला, भाकरीच्या परातीएवढा. कुऱ्हाडीचे घाव अजून ओळखता येतात, वरून काळा पडलाय, मधे पोकळ, पोकळीत पाणी आणि मुंग्या. आणि त्याच्या कडेने फुटवे. मोजले, अकरा. सगळे मनगटाएवढे किंवा बारीक, अर्ध्याहून जास्त टोकाला जळून वाळलेले, खालून परत फुटलेले. म्हणजे हे झाड दर एक-दोन वर्षांनी डोकं वर काढतं आणि वणवा त्याला परत बसवतो. आमच्या सायकलीच्या वयाचे फुटवे, आणि मी समजत होतो झुडूप आहे.

पन्नास पावलांच्या चौकोनात असे तेवीस खुंट सापडले. ऐन, किंजळ, जांभूळ, दोन हिरडे, नाणा, कुंभा. कुंभ्याला मात्र वणव्याने काही झालेलं दिसत नाही, साल जाड आहे. आई बरोबर होती, तिने तीन जातींची नावं सांगितली जी मला माहीत नव्हती.


बुंधामोज्या
१५ डिसेंबर, सकाळी ७.०५

हे वाचून बरं वाटलं. तुमचं जंगल गेलेलं नाही, जमिनीखाली वाट बघतंय. परातीएवढ्या खुंटाखाली मोठ्या झाडाची मुळं असतात. रोपाला ती करायला वीस-तीस वर्षं लागतील, फुटव्याला ती आयती मिळालीत. म्हणूनच वणवा आणि तोड थांबली की फुटवा लावलेल्या रोपाला उंचीत सहज मागं टाकतो.

एका खुंटावर जोमदार, खालून जमिनीलगत फुटलेले दोन-तीन ठेवायचे, बाकीचे पावसाळ्याआधी धारदार कोयत्याने कापायचे. सगळ्या खुंटांवर एकदम करू नका. दर वर्षी दोन-अडीच एकर घ्या. कापलेलं तिथंच समपातळीत आडवं टाका, माती अडेल. मोकळ्या जागी रोपं लावायचीच असतील तर तिथल्याच हिरड्या-जांभळाचं बी. जाती मिसळलेल्या असल्या की एखाद्या वर्षी पावसाने दडी मारली, कीड आली, तर सगळं एकदम बसत नाही. हवामान बिघडत जाणार हे धरून चालायचं तर हाच विमा.


रानमेवा
१५ डिसेंबर, दुपारी ३.२०

उशिरा आले. माझं माहेर जावळीत. पाचगणीच्या अंगाला सिल्व्हर ओकच्या रांगा बघते तेव्हा छान वाटतं, फोटो पण काढते, पण त्याखाली कधी पाखरू दिसत नाही. माहेरच्या देवराईत अंजनी-जांभळाच्या सावलीत चैत्रातही माती हाताला ओली लागते. झरा मे पर्यंत चालतो. देवराई तीन एकरांची सुद्धा नसेल.

एक भीतीचं विचारते. जुलै २०२१ ला आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी आल्या. तुमच्या तालुक्यातलीच गावं, कोयनाकाठ दादा. त्या एजंटाने झुडूप साफ करायचं म्हटलं तेव्हा मला तेच आठवलं. तुमचं रान गावाच्या वर आहे ना?


कोयनाकाठ
१५ डिसेंबर, रात्री ८.०५

हो ताई. बरोबर वर. शाळा आणि मारुतीचं देऊळ त्याच धारेखाली.


खाकीउतरली
१६ डिसेंबर, सकाळी ९.००

ताईंनी नेमकं बोट ठेवलं. मुळं दरड थांबवतातच असं मी सांगणार नाही. दिवसात काही शे मिलिमीटर पडला आणि खोलवरचा मुरूमच चिखल झाला की मुळं काय करणार, ती वरच्या एक-दोन मीटरलाच धरतात. पण वरचे घसारे ती नक्की धरतात. आणि झाड तोडल्यावर धोका लगेच दिसत नाही. मुळं मेली तरी काही वर्षं दोरखंडासारखी माती धरून असतात, मग कुजतात. तोवर नवीन लागवडीची मुळं जाड झालेली नसतात. मधल्या त्या काही वर्षांत जोराचा पाऊस आला की बघायला नको. गावाच्या वरच्या धारेवर जेसीबी चढवू देऊ नका, कुणीही काहीही देवो.

शिवाय ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा ही सगळी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. मालकी असली तरी तोडीला परवानगी लागते. उद्या केस झाली तर टॅबवाला येणार नाही, तुमच्या नावाने होईल.


शंकासुर
१६ डिसेंबर, सकाळी ११.४५

मग एजंटाला ही खुंटं का दिसत नाहीत? आंधळा आहे की शहाणा?


बुंधामोज्या
१६ डिसेंबर, रात्री ९.१५

शहाणा. कार्बनच्या बाजारात १ क्रेडिट म्हणजे १ टन कार्बन डायऑक्साइड, आणि पैसे फक्त वाढीव टनाचे मिळतात. आधीपासून उभं आहे त्याचे शून्य. म्हणून कागदावर जमीन जितकी उजाड तितकी त्याची वही चांगली. ह्याला आळा म्हणून अशा प्रकल्पांच्या कित्येक मानकांत (नियमावल्यांत) नियम आहे की गेल्या दहा वर्षांत नैसर्गिक झाडोरा साफ केलेली जमीन चालत नाही. एजंटाला तेवढाच प्रश्न विचारा: झुडूप कोण साफ करणार आणि कागदावर ते कधी साफ झालं असं लिहिणार?

आणखी हे विचारा: वणव्यात लागवड जळाली तर घेतलेले पैसे परत का? मधेच वाटण्या झाल्या तर? मोजणीचा खर्च आमच्या हिश्शातून का? करार मराठीत द्या म्हणा. कार्बनचे सगळेच प्रकल्प खोटे आहेत असं मी म्हणत नाही, शेताच्या बांधावर झाडं लावणाऱ्याला त्यातून चार पैसे मिळू शकतात. पण खुंट उपटून निलगिरी लावायची आणि त्याला हवामानाचं काम म्हणायचं, हे मला गिळवत नाही.


कोयनाकाठ
२१ डिसेंबर, रात्री १०.००

विचारलं. पहिल्याच प्रश्नाला म्हणाला, साहेबांना विचारून सांगतो. करार मराठीत मागितल्यावर फोन उचलायचा बंद झाला. भाऊ माझ्यावर रागावलाय, त्याच्या डोक्यात बोअरचे पैसे होते. ते दुःख खरं आहे, त्याला मी काय देणार हे मलाही माहीत नाही. पाच एकरांतले हिरडे फळ धरायला लागले तर बघू, असं आई म्हणते.

जानेवारीत जाळपट्टा काढतोय. भावकीतले चौघं यायला तयार, मटण ठरलंय.


कोयनाकाठ
१९ मार्च, रात्री ११.५०

धागा वर काढतो.

काल दुपारी वणवा आला. पलीकडच्या गावच्या माळावरून. वाटेच्या अंगाचा पट्टा टिकला, आग तिथं येऊन अक्षरशः उभी राहिली आणि विझली. वरच्या अंगाला मात्र पट्टा आम्ही जेवणाच्या घाईत आखूड काढला होता, दोन-तीन मीटरच. वारा फिरला आणि तिथून उडी मारली. भाऊ पहिला धावला, टहाळे घेऊन. रात्री आठपर्यंत आम्ही सात जण झोडपत होतो. दीड एकर गेलं. बाकीचं साडेनऊ वाचलं.

तो परातीएवढा ऐन गेलेल्या दीड एकरात आहे. आज सकाळी बघून आलो. जानेवारीत विरळणी करून ठेवलेले तीन फुटवे काळे पडलेत, पानं कुरकुरीत. भाऊ म्हणतो तळातून कापून टाकू म्हणजे नवीन जोरात येतील. कोयता घेऊन उभा आहे.


खाकीउतरली
२० मार्च, सकाळी ६.२०

थांबवा त्याला. आत्ता कापायचं नाही. नखाने साल खरवडून बघा, बुडाशी हिरवं किंवा ओलं लागलं तर जिवंत आहे. पाऊस पडून महिना जाऊ द्या, कुठून फुटतंय ते झाडालाच ठरवू दे. मग जुलैत कापा.


कोयनाकाठ
२० मार्च, सकाळी ८.१०

खरवडलं. दोन कोरडे. तिसऱ्याला बुडापासून वीतभर हिरवं आहे. कोयता भावाने स्वतःच ठेवला, आणि आता वरचा पट्टा पुढच्या वर्षी सहा मीटर काढायचा म्हणून पावलं टाकत मोजतोय.